गुलाबराव महाराज

संत गुलाबराव महाराज (६ जुलै, १८८१ – २० सप्टेंबर, १९१५) हे विदर्भातील एक संत, तत्त्वचिंतक आणि ग्रंथकार होते. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या गुलाबरावांनी केवळ श्रवणाच्या बळावर विद्या संपादन केली. त्यामुळे ते ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून ओळखले जातात. संत ज्ञानेश्वरांची कन्या या भावाने ते स्वतःस ‘ज्ञानेश्वरकन्या’ म्हणवीत.

जन्म आणि अंधत्व

गुलाबरावांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या आजोळच्या गावी, मोहोड आडनावाच्या कुणबी शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे गाव चांदूर बाजारजवळील माधान हे होय. सुमारे नऊ महिन्यांचे असताना चुकीच्या औषधोपचारामुळे त्यांची दृष्टी गेली, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. पाहिलेल्या जगाची कोणतीही आठवण त्यांच्यापाशी राहण्यासारखी नव्हती.

बालपण आणि आजोळ

ते चार वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. त्यानंतर आजीने त्यांना लोणी टाकळी येथे नेऊन सुमारे सहा वर्षे सांभाळले. त्या काळी अंध बालकांच्या संगोपनासाठी वऱ्हाडात कोणतीही संस्था नव्हती. भारतातील पहिली अंधशाळा अमृतसर येथे १८८७ साली सुरू झाली. मुंबईत अशी शाळा निघाली ती १९००च्या सुमारास, म्हणजे गुलाबरावांचे शालेय वय सरल्यावर. फ्रान्समध्ये लुई ब्रेल यांनी स्पर्शलिपी १८२९ सालीच प्रसिद्ध केली होती; मात्र भारतीय भाषांसाठी एकसमान ‘भारती ब्रेल’ १९५१ साली स्वीकारली गेली. अशा परिस्थितीत या मुलाला आधार होता तो आजोळच्या घराचा.

अध्ययन

गुलाबराव इतरांकडून ग्रंथ वाचून घेत आणि ते स्मरणात ठेवत. वेदान्त, भक्तिशास्त्र, आयुर्वेद, संगीत यांबरोबरच डार्विन व स्पेन्सर या पाश्चात्त्य विचारवंतांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला. त्यांना ग्रंथसंग्रहाची मोठी आवड होती; प्रवासातही ते पुस्तकांच्या पेट्या बरोबर नेत. वाचणारा आणि लिहून घेणारा यांच्या साहाय्याशिवाय हे अध्ययन व लेखन शक्य नव्हते. या अर्थाने त्यांच्या वाङ्मयात या सहकाऱ्यांच्या श्रमाचाही वाटा आहे.

विवाह आणि आध्यात्मिक जीवन

१८९६ साली त्यांचा विवाह मनकर्णिका यांच्याशी झाला. १९०१ साली संत ज्ञानेश्वरांनी स्वनामाचा मंत्र देऊन त्यांच्यावर अनुग्रह केला, अशी त्यांच्या संप्रदायाची श्रद्धा आहे. अद्वैत तत्त्वज्ञान आणि श्रीकृष्णाविषयीची मधुराभक्ती यांचा मेळ घालणारा ‘मधुराद्वैत’ हा विचार त्यांनी मांडला. श्रीकृष्णाची पत्नी या भावाने ते कुंकू व मंगळसूत्र धारण करीत.

ग्रंथरचना

त्यांच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ आहेत. मराठीखेरीज संस्कृत, हिंदी व व्रज भाषेतही त्यांनी रचना केली. ‘संप्रदाय सुरतरु’, ‘प्रेमनिकुंज’ आणि ‘साधुबोध’ हे त्यांचे काही ग्रंथ होत. ‘नावंग’ नावाची नवी भाषा आणि एक सांकेतिक लिपीही त्यांनी तयार केली. अक्षर कधीच न पाहिलेल्या व्यक्तीने लिपीचा विचार करावा, ही बाब लक्षणीय ठरते.

निधन

वयाच्या ३४ व्या वर्षी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर शिष्य बाबाजी महाराज पंडित यांनी संप्रदायाची परंपरा पुढे चालवली.