सोहिरोबानाथ आंबिये : प्रचीतीचा आग्रह

गोव्यातील पेडणे महाल ओलांडून उत्तरेस गेले की बांदे गाव लागते. तेथे अठराव्या शतकात सोहिरोबा आंबिये कुलकर्णीपण करीत असत. त्यांचा जन्म 1714 सालचा. पेडणे तेव्हा सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. पोर्तुगीजांकडे ते 1788 साली गेले.

कुलकर्ण्याचे काम जमिनीच्या व वसुलाच्या दप्तराचे. नोंद पाहिल्यावाचून कोणाचे बोलणे खरे धरायचे नाही. ही सवय त्यांच्या भक्तीतही उतरली असावी, असे आम्हांस वाटते.

एकदा राजाचे बोलावणे आले म्हणून ते सावंतवाडीस निघाले. वाटेत इन्सुलीजवळ फणस खाण्यास बसले असता एक योगी पुढे आला. सोहिरोबांनी त्यास गरे दिले; त्या गैबीनाथाने त्यांस उपदेश केला, आणि चाकरी सोडून ते नाथपंथी झाले, अशी कथा आहे.

पुढे त्यांनी ‘सिद्धांतसंहिता’, ‘महदनुभवेश्वरी’ असे ग्रंथ व पुष्कळ पदे रचली. ऐकीव गोष्टीस होकार देऊ नये, स्वतः प्रचीती घ्यावी, हा त्यांचा आग्रह. शापोरा नदीपलीकडे बारदेशात इन्क्विझिशनच्या धाकाने होकार मिळविले जात होते, त्याच काळातला हा आग्रह आहे.

पण हाच नियम फणसाच्या कथेस लावला तर? तिला दुसरा साक्षीदार नाही. चाकरी सोडली की नाही, हे तपासता येते. योगी कोण होता, हे तर्काने ठरत नाही. सोहिरोबांस जी प्रचीती, ती आम्हांस केवळ साक्ष. मंडळीत कोणी उभे राहून साक्ष देतो, तेव्हाही असेच नसते काय? बिरुयाच्या लोकांनी पौलाचे बोलणे शास्त्रात तपासून पाहिले. थोमाने पुरावा मागितला, तरी प्रभूने त्यास घालवून दिले नाही. शाब्बाथ शाळेत मूल ‘कशावरून?’ म्हणते, तेव्हा शिक्षकांनी त्यास दटावू नये.

उतारवयात सोहिरोबा उत्तरेकडे गेले. महादजी शिंद्यांच्या पदरी पेडण्यातील केरी गावचे जिवबादादा बक्षी होते. महादजी स्वतः कवने करीत. पण सोहिरोबांनी त्यांचा आश्रय घेतला नाही, असे सांगतात. 1792 साली रामनवमीस ते उज्जैनच्या मठातून बाहेर पडले व पुन्हा कोणास दिसले नाहीत, हीही परंपरेचीच साक्ष.