नारायण शेषाद्री आणि धाकटा श्रीपाद

शाळेत बाळशास्त्री जांभेकर शिकलो तेव्हा 'दर्पण' आणि १८३२ एवढेच पाठ केले होते. श्रीपादची गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली. तिचे दुसरे टोक आपल्या जालन्यात आहे, हे तर त्याहूनही उशिरा. शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, म्हणून स्मरणिकेसाठी मी हा विषय घेतला.

नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, आडनाव परळीकर. नावावरून तरी शहागडच्या पुलापलीकडचे! मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले आणि सप्टेंबर १८४३ मध्ये रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यामागोमाग जेमतेम बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपादही मिशनच्या घरी राहायला गेला. वडील सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने मुलगा त्यांच्या हवाली केला. पण ख्रिस्त्यांच्या घरी राहिलेला, तिथले जेवलेला मुलगा जातीत घ्यायचा कसा? बाळशास्त्रींनी त्याला प्रायश्चित्त देववून परत घेण्याचा आग्रह धरला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला.

पहिल्यांदा वाचताना मला त्या वडिलांचा राग आला होता. माझ्या थोरल्याने जातीबाहेर लग्न केले तेव्हा मीही तीन वर्षे त्याच्याशी बोललो नव्हतो. तेही मी मायेपोटीच केले असे मला वाटत होते. त्यानंतर ते वडील मला वेगळे दिसू लागले. त्यांची माया खोटी नव्हती, फक्त तिला जातीच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हते.

नारायणरावांना धाकटा भाऊ गमवावा लागला. पुढे ते पाळक झाले. १८६०च्या दशकात निजामाच्या मुलखात, जालन्याला आले आणि मांगवाड्यांत जाऊन बसू लागले. लहानपणी ज्यांची सावली टाळायला शिकले असतील, त्यांच्याच घरी. या लोकांसाठी त्यांनी जालन्याजवळ सालारजंगांकडून जमीन मिळवली आणि बेथेल नावाचे गाव वसवले. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत ते आपल्या देशी पोशाखात, पागोटे घालून उभे राहिले. मला मात्र त्या परिषदेपेक्षा मांगवाड्यातली बैठक मोठी वाटते.

ख्रिस्ती धर्मात देवाला बाप म्हणतात. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातला बाप मुलाला लांबून पाहताच धावत सुटतो. प्रायश्चित्त विचारत नाही, पंचांना विचारत नाही. पौलाच्या पत्रात ख्रिस्ताची प्रीती जाणता यावी अशी प्रार्थना आहे, आणि ती जाणण्यापलीकडची आहे हेही तिथेच म्हटले आहे. मी ख्रिस्ती नाही, तरी हे मला पटते. आपल्याला बाप माहीत असतो तो आपल्या घरातला. त्यावरून आपण देवाच्या प्रेमाचे माप काढतो. नारायणरावांनाही ते पुरते उमगले असेल का? सगळ्यांना घरात घेणाऱ्या प्रेमापायी आपलेच घर का फुटावे, हा प्रश्न त्यांनाही छळत असावा, असा माझा आपला तर्क.

१८९१ मध्ये ते वारले.

परवा हे सगळे मुलाला फोनवर सांगत होतो. त्याने मध्येच विचारले की श्रीपादला स्वतःला कुठे राहायचे होते. आपल्या पायाने तो भावाकडेच गेला होता, एवढे मी सांगितले.