डॉ. कमला सोहोनी

वनस्पतींना अन्नासाठी हिंडावे लागत नाही. पण शत्रू आला असता पळूनही जाता येत नाही. म्हणून हवा, पाणी, माती व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने त्या आपल्या अंगीच नाना द्रव्ये घडवितात. काही द्रव्ये त्यांचे पोषण करतात, काही त्यांचे रक्षण करतात. त्यांतील कोणती माणसाला हितकर व कोणती अहितकर, याचा शोध डॉ. कमला सोहोनी यांनी आयुष्यभर घेतला.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. विदुषी दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी उत्तम रीतीने मिळवून कमलाबाईंनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन जगद्विख्यात होते. परंतु स्त्रीला संशोधनासाठी घेण्यास ते राजी नव्हते. अर्ज नामंजूर झाला. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगलोरला गेल्या आणि त्यांनी नकाराचे कारण विचारले. अखेर एक वर्ष काम पाहावयाचे व पसंत पडले तरच ते मान्य करावयाचे, या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. हा अपमान त्यांना कधीच विसरता आला नाही. पण विद्येसाठी त्यांनी तो सोसला. त्यांची निष्ठा पाहून रामन यांचे मत पालटले आणि इतर मुलींनाही तेथे संशोधनाची वाट मोकळी झाली.

पुढे त्या इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे गेल्या. तेथे बटाट्यावर प्रयोग करीत असता त्यांना सायटोक्रोम-सी हे द्रव्य आढळले. सजीव पेशी श्वसनाने अन्नातील शक्ती मोकळी करतात. त्या क्रियेत हे द्रव्य साहाय्य करते. ते वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

परदेशी न राहता त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांसह त्यांनी गोरगरिबांच्या अन्नाचा अभ्यास आरंभिला. वालासारख्या कडधान्यांत प्रथिने विपुल असतात. परंतु त्यांचे पचन रोखणारी द्रव्येही त्याच दाण्यांत असतात. दाणे कुरतडणाऱ्या किडींपासून वनस्पतीला त्यांमुळे संरक्षण मिळते. उष्णतेने या द्रव्यांचा जोर बव्हंशी नाहीसा होतो. वाल भिजवून, मोड आणून नीट शिजविण्याच्या घरोघरच्या रीतीमागे असे शास्त्र आहे.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचेही परीक्षण केले. ताड-शिंदीपासून मिळणारा हा गोड रस आंबला की त्याची ताडी होते. ताज्या नीरेत मात्र लोह व जीवनसत्त्वे असतात. कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना ती दिली असता त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसून आले. या कार्याबद्दल कमलाबाईंना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्यांचा सल्ला लाभला.

विज्ञान संस्थेच्या संचालकपदावरून त्या १९६९ साली निवृत्त झाल्या. त्यापूर्वीच, १९६६ साली, ग्राहकांच्या हितासाठी एक संस्था स्थापण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. भेसळ ओळखण्याच्या सोप्या युक्त्या त्या गृहिणींना शिकवीत. १९९८ साली दिल्ली येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजिला. त्या समारंभातच त्यांची प्रकृती बिघडली व लवकरच त्यांचे निधन झाले. ज्या विद्येचे दार त्यांना झगडून उघडावे लागले, ती विद्या त्यांनी गरिबाच्या पानापर्यंत नेऊन पोहोचविली.