पंचेचाळिसाव्या वर्षी दिलेला राजीनामा



स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर शाळेतला एक ऑफ तास आठवला. सर आले, पुस्तक मिटूनच ठेवलं आणि ठक्करबाप्पांची गोष्ट सांगितली. तेव्हा माझं अर्धं लक्ष मैदानाकडे होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर मात्र ती गोष्ट माझ्या मागेच लागली आहे.

अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८६९ रोजी भावनगरला झाला. म्हणजे ते गांधीजींच्याच वयाचे. पुण्यात राहून ते इंजिनिअर झाले. काठियावाडात नोकरी केली, पूर्व आफ्रिकेत युगांडा रेल्वेच्या कामावर गेले, परतल्यावर सांगली संस्थानात इंजिनिअर होते. नंतर मुंबई महापालिकेत आले. शहराचा कचरा कुर्ल्याकडे वाहून नेणारी छोटी रेल्वे त्यांच्या देखरेखीखाली होती.

तिथेच त्यांना सफाई कामगारांच्या वस्त्या दिसल्या. घाणीतले संसार, सावकाराचं कर्ज आणि वर अस्पृश्यतेचा शिक्का. कचऱ्याचे डबे वेळेवर हलले की इंजिनिअरचं काम संपत होतं. पण ठक्करांच्या मनातून ती माणसं जाईनात. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या अस्पृश्योद्धाराच्या कामाशी त्यांचा संबंध आला, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाची ओढ लागली. तरी त्यांनी घाई केली नाही. घरची जबाबदारी होती, वडील होते. वडील गेल्यानंतर, १९१४ मध्ये, त्यांनी चांगल्या पगाराची नोकरी सोडली आणि ते समाजाचे आजीव सेवक झाले. पंचेचाळिसावं वर्ष चालू होतं. त्या काळी ते उतरतीचंच वय.

पुढची सदतीस वर्षं सगळी सेवेची. पंचमहालातल्या दुष्काळात भिल्लांची दशा पाहिली आणि १९२२ मध्ये दाहोदला भील सेवा मंडळ काढलं. १९३२ पासून हरिजन सेवक संघाचे चिटणीस म्हणून देश पालथा घातला. दंगलीनंतरच्या नोआखालीत, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, हैमचर गावात जाऊन राहिले. घटना समितीतही आदिवासी भागांच्या प्रश्नावर काम केलं. जानेवारी १९५१ मध्ये भावनगरलाच त्यांचा अंत झाला.

मला वाटायचं, देवाची हाक म्हणजे काहीतरी साक्षात्कार असणार. ठक्करबाप्पांच्या आयुष्यात तसं काही दिसत नाही. रोजच्या कामाच्या वाटेवर एकच दुःख पुन्हा पुन्हा दिसत राहिलं, आणि त्यांनी त्यावरून नजर काढली नाही. गांजलेल्यांची सेवा हीच त्यांची पूजा झाली. इंजिनिअरची शिस्त, हिशेबाचा चोखपणा, प्रवासाची सवय, हे सगळं त्या पूजेत कामी आलं.

मी पाणीपुरवठ्याच्या कामात चौतीस वर्षं काढली. आमच्या सोसायटीच्या मागे एक वस्ती आहे. तिथली मुलं रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करतात. जवळच्या समाजमंदिरात एक अभ्यासिका चालते, तिथे गणित शिकवायला कोणी नाही. मला दोनदा विचारलं गेलं आणि दोन्ही वेळा मी गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. आता या वयात आपल्याच्यानं होईल का, मुलं हसतील का, अशी भीती. सकाळी देवासमोर हात जोडताना तीच मुलं डोळ्यांसमोर येतात, हेही कुणाला सांगितलं नव्हतं. आज तुम्हाला सांगतोय.

परवा सौ.ला म्हटलं, येत्या सोमवारपासून संध्याकाळी दोन तास जाणार. ती म्हणाली, गुडघ्याचा पट्टा विसरू नका.

आपल्या वर्गातले बहुतेक जण आता निवृत्त झालेत. मेळाव्याला भेटू तेव्हा तब्येतीबरोबर एवढंही एकमेकांना विचारूया, की तुझ्या वाटेवर रोज काय दिसतं? माझ्या गणिताच्या वर्गाचं काय झालं, तेही जरूर विचारा. विचारणारं कोणी आहे म्हटलं की माझ्याकडून खाडा होणार नाही.