चार नाटकांचे धनी : राम गणेश गडकरी

वाचकहो, नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने निघालात की वाटेत सावनेर लागते. संत्र्यांच्या बागा आणि कोळशाच्या खाणी यांमुळे हे गाव तुम्हांस परिचित असेल. याच गावी २३ जानेवारी १९१९ रोजी मराठीतील थोर नाटककार राम गणेश गडकरी यांनी डोळे मिटले. क्षयाने त्यांना गाठले होते. वय अवघे तेहेतीस.

त्यांची पुरी झालेली नाटके मोजली तर चारच भरतात : ‘प्रेमसंन्यास’, ‘पुण्यप्रभाव’, ‘एकच प्याला’ आणि ‘भावबंधन’. कविता दीडशेच्या आसपास, आणि थोडे विनोदी लेखन. एवढीच ही शिदोरी. तरी शंभर वर्षांनंतरही मराठी रंगभूमीचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही.

स्नेहसंमेलन जवळ आले की विद्यार्थी माझ्याकडे कवितांच्या वह्या घेऊन येतात. कुणाच्या वहीत चाळीस कविता, तर कुणाच्या वहीत दीडच, आणि तीही खोडून खोडून काळी झालेली. पालक मात्र पहिला प्रश्न संख्येचा विचारतात. अशा वेळी मला गडकरी आठवतात.

त्यांचा जन्म २६ मे १८८५ चा, नवसारीचा. बालपण गुजराती मुलखात गेले, वडिलांचे छत्र लवकर हरपले. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात नाव घातले, पण ते शिक्षण पुरे झाले नाही. पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीत कंपनीतील मुलांना शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले. म्हणजे तेही एका अर्थी मास्तरच! पगार बेताचा, पण रंगभूमी डोळ्यांसमोर. नाटक कुठे रंगते आणि कुठे पडते, हे त्यांना तेथे रोज पाहावयास मिळाले.

त्यांनी आपल्या लेखनाचे कप्पे केले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने, विनोद ‘बाळकराम’ या नावाने आणि नाटके स्वतःच्या नावाने. कविता आणि विनोद मासिकांतून येत राहिले, त्यामुळे हात चालता राहिला. नाटकाला मात्र त्यांनी वेळ दिला. हात चालता ठेवण्यासाठी पुष्कळ लिहावे लागते हे खरे, पण लिहिलेले सगळेच सारख्या तोलाचे नसते.

त्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. यांचा जन्म आपल्या नागपूरचा, १८७१ सालचा. कोल्हटकरांनी बारा नाटके लिहिली. शिष्याने एक तृतीयांश लिहिली, पण आज प्रेक्षकांना नावे विचारा, शिष्याचीच आधी निघतील. यात गुरूंचा उणेपणा नाही, त्यांनी घालून दिलेल्या वाटेवरूनच शिष्य पुढे गेला. ‘बहु असोत सुंदर’ हे महाराष्ट्रगीत त्यांचेच.

आपल्या घरांतून गालिबचे नाव नवे नाही. त्यांचा उर्दू दीवान सुमारे अठराशे शेरांचा, हातात मावेल एवढा. तरुणपणी लिहिलेले कितीतरी शेर त्यांनी स्वतःच बाजूला काढले होते. गडकऱ्यांना मात्र निवड करायला आयुष्यच पुरले नाही. त्यांच्या लेखनात फापटपसारा आहे, अनुप्रासांचा सोस आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘प्रेमसंन्यास’ आज वाचताना दमछाक होते.

पण ‘एकच प्याला’ पाहा. सुधाकर नावाचा हुशार वकील. कोर्टात झालेल्या अपमानानंतर तो पहिला प्याला घेतो, आणि त्या प्याल्यात संसार बुडतो. सिंधूचे हाल वाचताना आजही घसा दाटतो. दारूची झळ लागलेले घर कोणत्या मोहल्ल्यात नाही? या नाटकाची पदे गडकऱ्यांनी स्वतः लिहिली नाहीत. प्रकृती ढासळत होती, तेव्हा ते काम विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी केले. सर्व काही माझ्याच हातचे हवे, असा हट्ट धरला असता तर नाटक कदाचित अडून राहिले असते.

‘भावबंधन’ आजारपणात पुरे झाले. ‘राजसंन्यास’ आणि ‘वेड्यांचा बाजार’ अपुरी राहिली. ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यास रंगभूमीवर आणले. बालगंधर्व सिंधू झाले. लेखकाला जाऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. कवितांचा संग्रह ‘वाग्वैजयंती’ही त्यांच्या पश्चात, १९२१ साली निघाला.

विद्यार्थी मित्रहो, ग्रंथालयात ‘एकच प्याला’ मिळाले तर अवश्य घरी न्या. भाषा जड वाटली तर तळीरामाचे प्रवेश आधी वाचा. हसू येईल, मग बाकीचे आपोआप वाचाल. पालकांनीही वाचायला हरकत नाही.