सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई टिळक नगरमध्ये प्लेग झालेल्या मुलींची शुश्रूषा करायला गेल्या होत्या

लक्ष्मीबाई टिळक म्हटलं की 'स्मृतिचित्रे' आठवतं. शाळेत त्यातला एखादा धडा तुम्हीही वाचला असेल आणि हसलाही असाल. पण नगरच्या ख्रिस्ती मुलामुलींना सेवा म्हणजे काय हे ज्यांच्या वागण्यातून दिसलं, त्यांच्यात या बाईंचं नाव घ्यावंच लागतं.

त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडील इतके कडक सोवळ्याचे, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेतली जात नसे. लहानपणीच लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत, कवी 'रेव्हरंड' टिळक. लक्ष्मीबाई शाळेत कधी गेल्याच नाहीत, अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून.

१८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर फुटलं. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या, पण सोवळं सोबत घेऊनच. नवरा ख्रिस्ती, बायकोचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. त्या काळच्या नगरमध्ये हा चर्चेचाच विषय.

मग एक दिवस त्यांनी स्वतःशीच हिशोब मांडला. जात देवाने केली असती, तर जन्मात, मरणात, शरीरात कुठेतरी फरक दिसला असता. तो तर कुठे दिसत नाही. म्हणजे हे माणसांचंच काम. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं त्यांनी ठरवलं. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातला खरा बदल हाच. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला.

तो काळ दुष्काळाचा आणि प्लेगचा. राहुरीला असताना टिळकांच्या घरात अनाथ पोरं येऊन राहत. स्वतःचीच चूल कशीबशी पेटणारी, त्यात आणखी तोंडं. नकुशी नावाची एक मुलगी तर लक्ष्मीबाईंनी घरचीच म्हणून वाढवली. नको असलेल्या मुलीला हे नाव ठेवायची पद्धत होती, हे तुम्हाला माहीत असेलच.

नगरमध्ये मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये प्लेग शिरला, तेव्हा लक्ष्मीबाई शुश्रूषेला गेल्या. प्लेगवर तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. तापाने फणफणलेल्या, काखेत-जांघेत गाठी आलेल्या मुली, आणि जवळ जायला सख्खे लोकही घाबरायचे. ज्या बाईला कधीकाळी परक्याची सावली चालत नव्हती, ती आता कुठल्याही जातीतून आलेल्या पोरींची घाण काढत होती.

आणि याचा त्यांनी कधी बडेजाव केला नाही. स्वतःची फजिती त्या रंगवून सांगतात, सेवेची गोष्ट मात्र घरकामासारखी सांगून टाकतात.

बालकवी ठोंबरे हेही नगरला टिळकांकडे राहिलेले. कोवळ्या वयाचा, हिंदू घरातला मुलगा. त्याला ख्रिस्ती घरात आईची माया मिळाली.

९ मे १९१९ ला टिळक गेले. पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या बोर्डिंगमध्ये मेट्रनची नोकरी धरली. म्हणजे पुन्हा दुसऱ्यांच्या मुलींचं दुखणं-खुपणं काढणं आलं.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे काव्य सुरुवातीचे काही अध्याय लिहून अर्धवट सोडलं होतं. शाळा न पाहिलेल्या या बाईंनी त्याचे साठहून अधिक अध्याय लिहिले. आठवणी लिहायला त्या बसल्या त्या मुलगा देवदत्त यांच्या आग्रहामुळे.

२४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकमध्ये लक्ष्मीबाई वारल्या. 'स्मृतिचित्रे'चा चौथा भाग त्यानंतर छापून आला.