दत्तूचे कारवार आणि माझे सुपे

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून आपले मूळ गाव कोणते, हा प्रश्न अजूनही विचारला जातो. चार-पाच पिढ्या दांडिया बाजारात नाही तर रावपुऱ्यात गेल्या, तरी कोणी स्वतःला साताऱ्याकडचे म्हणवितात, कोणी रत्नागिरीकडचे. त्या गावी घरातले कोणी कधी गेलेले नसते. पण नाव निघाले की आवाज मऊ होतो. मी 1976 साली लग्न होऊन या शहरात आले तेव्हा मलाही हा प्रश्न पुष्कळांनी विचारला. मी सुपे असे सांगे आणि ऐकणाऱ्यांना पुणे जिल्ह्यातले सुपे वाटे. माझे सुपे ते नव्हे. ते उत्तर कन्नड जिल्ह्यात, ज्याला आज जोयडा तालुका म्हणतात त्या जंगलमुलखात, काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर होते. होते असे म्हणते, कारण ते आता धरणाच्या पाण्याखाली आहे.

मी आले त्या वर्षी मला गुजराती लिपी वाचता येत नव्हती. भाजीवालीशी खुणांनी व्यवहार चाले. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामंजी म्हणत असू, वाचनाचे भोक्ते. त्यांनी एके दुपारी कपाटातून एक जाड पुस्तक काढून माझ्या हाती दिले आणि लिपी शिकावयाची तर यातून शीक, असे सुचविले. पुस्तक काका कालेलकरांचे होते, नाव स्मरणयात्रा. अक्षरे लावीत लावीत मी पुढे सरकू लागले आणि काही पानांनंतर एक शब्द न अडखळता वाचला गेला. तो शब्द कारवार हा होता. परक्या गावात, परक्या लिपीत माझ्या माहेरचा जिल्हा असा अवचित भेटला, तेव्हा मला रडू आले हे सांगावयास आज संकोच वाटत नाही.

वडीलधाऱ्या वाचकांना काकासाहेबांची ओळख करून देण्याची गरज नाही. परंतु ज्यांनी त्यांचे नाव केवळ ऐकले आहे त्यांच्यासाठी त्यांचे चरित्र थोडे सांगितले पाहिजे. त्याचा काही भाग तर या शहरातच घडला आहे.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म साताऱ्यास 1 डिसेंबर 1885 रोजी झाला. घराणे मूळचे राजाध्यक्ष. सावंतवाडीजवळच्या कालेली गावावरून कालेलकर हे नाव पडले. वडील सरकारी नोकरीत, हिशेबाच्या कामावर. त्यांच्या बदल्या होत आणि बिऱ्हाड त्यांच्यामागे फिरे. सातारा, कारवार, धारवाड, बेळगाव, शहापूर, सावंतवाडी, जत अशा कितीतरी गावांतून धाकट्या दत्तूचे बाळपण गेले. शाळा बदले, शेजार बदले, भोवतालची भाषाही बदले. कधी मराठी, कधी कोकणी, कधी कानडी. ज्याला एक अंगण म्हणून कधी मिळालेच नाही, असे हे मूल.

त्यात कारवारचा ठसा सर्वांत खोल उमटला. साताऱ्याच्या डोंगरांत जन्मलेल्या मुलाने तेथे समुद्र पाहिला. त्या काळी देशावरून कारवारला जाण्याची एक सोयीची वाट अशी होती, की आगगाडीने लोंढ्यास यावे, कॅसलरॉकला इंग्रजी हद्द सोडावी, दूधसागरचा धबधबा पाहत घाट उतरून मुरगाव बंदर गाठावे आणि तेथून आगबोटीत बसावे. कॅसलरॉक हे स्थानक आमच्याच तालुक्यात. त्या वेळी उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. 1956 साली तो म्हैसूर राज्यात गेला.

काळी नदीचा उगमही आमच्याच तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर. सुमारे 184 किलोमीटर वाहून ती सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्रास मिळते. पलीकडच्या तीरावर कारवार. म्हणजे ज्या नदीचे मुख दत्तूने लहानपणी पाहिले, तिच्या वरच्या अंगाला, पाऊणशे वर्षांनंतर, मी परकराचा ओचा खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहत असे. माझे वडील सुप्यास नोकरीस होते. साठाच्या पुढची ती वर्षे. पावसाळ्यात चार महिने छपरावर पाण्याचा आवाज, चुलीवर वाळत घातलेले कपडे, वीज नाही, सायंकाळी कंदिलाच्या काचा पुसण्याचे काम माझ्याकडे. दांडेलीच्या कागद गिरणीकडे बांबूने भरलेल्या मालमोटारी जात, त्या मोजणे हा आमचा खेळ. दत्तूचे कारवार वाचताना मला सुपे दिसे, आणि पुस्तक मिटले की आपण दांडिया बाजारात आहोत हे ध्यानात येई.

बाळपणच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ असतात. त्यांतील बहुतेकांना तेव्हाचे तूप अधिक रवाळ आणि माणसे अधिक प्रेमळ वाटतात. काकासाहेबांचे तसे नाही. त्यांनी दत्तूला मोठेपणाची झूल चढविली नाही. तो भितो, हट्ट करतो, खोटे बोलतो, फजीत होतो. आणि लिहिणारा प्रौढ माणूस त्याची बाजू न घेता, पण त्याच्यावर न रागावता, त्याच्याकडे पाहत राहतो. गोकर्णच्या यात्रेतील समुद्राचे वर्णन त्यांनी पुढे लिहिले, त्यातही भयाने थिजलेला मुलगा जसाच्या तसा आहे. पुढे शूर म्हणून गाजलेल्या माणसाने आपले भित्रेपण इतके नीट जपून ठेवावे, याचे मला त्या वयात नवल वाटले होते.

तरुण दत्तात्रेयाने पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून 1907 साली तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. केले. वंगभंगानंतरचे ते दिवस. काही काळ त्यांनी राष्ट्रमत या दैनिकात काम केले आणि 1910 साली ते बडोद्यास गंगनाथ विद्यालयात आले. बॅरिस्टर केशवराव देशपांडे हे अरविंदबाबूंचे स्नेही. त्यांनी चालविलेली ही राष्ट्रीय शाळा. तेथे शिक्षकांस मास्तर म्हणत नसत. घरातील नात्यांनी हाक मारीत. कालेलकर झाले काका, फडके झाले मामा. ही दोन्ही नावे जन्मभर राहिली, आणि ज्यांना आपण काकासाहेब व मामा फडके म्हणून ओळखतो, त्यांचे हे बारसे आपल्या गावातले आहे. 1911 च्या दिल्ली दरबारानंतर बडोदे संस्थानावर इंग्रजांची वक्रदृष्टी होती; 1912 साली विद्यालय बंद पडले.

काका मग हिमालयात गेले. अनंतबुवा मर्ढेकर आणि स्वामी आनंद यांच्यासह त्यांनी पायी जी भ्रमंती केली, तिच्यातून हिमालयनो प्रवास हे गुजराती प्रवासवर्णन निघाले. पुढे शांतिनिकेतनात असताना 1915 साली त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि आयुष्याची दिशा ठरली. साबरमतीच्या आश्रमात ते शिक्षक झाले. 1920 साली गुजरात विद्यापीठ निघाले, त्यात त्यांचा मोठा वाटा, आणि नंतर ते तेथे कुलनायकही होते. गुजराती शुद्धलेखनाचा जोडणीकोश 1929 साली प्रसिद्ध झाला, त्यामागेही त्यांचे परिश्रम आहेत. एका मराठी माणसाने गुजराती भाषेला तिचे ऱ्हस्व-दीर्घ ठरवून देण्यात हात लावावा, ही लहान गोष्ट नव्हे. गांधीजींनी त्यांस सवाई गुजराती ठरविले ते उगीच नाही. तुरुंगवास त्यांना अनेकदा घडला. साबरमतीच्या तुरुंगात भिंतीलगतचे पक्षी, मुंग्या आणि झाडे पाहून त्यांनी ओतराती दीवालो हे पुस्तक लिहिले. 1930 साली येरवड्यास ते गांधीजींच्या सोबतीस होते.

नद्यांचे वेड मात्र कधी सुटले नाही. 1927 साली गांधीजींच्या कर्नाटकातील दौऱ्यात जोगचा धबधबा जवळ आला, तेव्हा गांधीजींनीही तो पाहावा म्हणून काकांनी पुष्कळ आग्रह केला. गांधीजी गेले नाहीत. काका गेले, आणि पाहून आलेले त्यांनी मन भरून लिहिले. नद्या, सरोवरे, प्रपात आणि समुद्र यांच्यावरचे त्यांचे लेख जीवनलीला या ग्रंथात आहेत. नद्यांना ते लोकमाता म्हणत.

आपल्या मराठी मंडळींत काकासाहेबांविषयी एक तक्रार असे, आणि ती मीही पुष्कळ वर्षे केली आहे. इतके चांगले लिहिणारा माणूस, त्याने मराठीतही लिहिले, पण उत्तम ते गुजरातीला दिले. आपले कारवार, आपले सातारे दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवले. आज मला तसे वाटत नाही. ज्या लोकांत राहावयाचे त्यांना आपले बाळपण त्यांच्याच भाषेत सांगितले, म्हणून अहमदाबादेतील आणि भावनगरातील मुलांना सह्याद्रीची कड आणि कोकणी किनारा ठाऊक झाला. आठवण आपल्याच माजघरात फडताळात ठेवली तर ती आपल्याबरोबर संपते. आपल्या घरांतून मूळ गावाचे नाव राहिले आणि गाव गेले, त्याचे कारण बहुधा हेच.

स्वातंत्र्यानंतर काकासाहेब 1952 ते 1964 राज्यसभेत होते. 1953 साली नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे ते अध्यक्ष. 1955 च्या अहवालात 2399 जातींची यादी आहे. जातीच्या मापाने मागासलेपण मोजावे की नाही, याविषयी त्यांच्या स्वतःच्याच मनात शेवटी शंका उभी राहिली आणि अहवालासोबतच्या पत्रात त्यांनी ती लपविली नाही. त्यांचे हे वागणे अनेकांना रुचले नाही, आणि त्यावर टीका करणाऱ्यांचे म्हणणेही वजनदार आहे. पण मला तेथे स्मरणयात्रेतला लिहिणारा दिसतो. स्वतःची बाजू अडचणीत आली तरी मनात आले ते उघड सांगणारा. 1964 साली पद्मविभूषण, 1965 साली जीवनव्यवस्था या गुजराती लेखसंग्रहास साहित्य अकादमीचे पारितोषिक, असे सन्मान झाले. 21 ऑगस्ट 1981 रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी, ते दिल्लीस वारले.

त्याच सुमारास काळी नदीवर गणेशगुडीजवळ सुप्याचे धरण उभे राहत होते. ते 101 मीटर उंच आहे. 1980 च्या दशकात पाणी चढले आणि जुने सुपे गेले. तालुक्याची कचेरी जोयड्यास, पुष्कळ विस्थापित रामनगरास. मी काही वर्षांनी धरणावर गेले होते. समोर नुसते निळे पाणी. आमचे घर कोठे असेल, हे बोटाने दाखविताही येईना. परत येऊन मी एक वही केली. स्मरणयात्रा वाचली होती, म्हणून म्हटले, आपणही लिहावे.

पहिली पाने भराभर झाली. कंदील, मालमोटारी, संगमावरचा वाळूचा पट्टा. मग एक कुणबीण आठवली. ती रानातून कणग्या आणि कोनफळे घेऊन येई आणि आई तिला त्याच्या बदली तांदूळ देई. बरोबर तिची मुलगी असे, माझ्याएवढीच. तिच्या डोक्यावर लहान हारा. मोठ्यांचे माप होईपर्यंत ती पायरीशी उभी राही आणि माझ्या पाटीकडे टक लावून पाही. कित्येक वर्षे ती येत होती. मी तिला पाटी कधी हातात दिली नाही. आमचे बिऱ्हाड धरणाच्या आधीच बदलीमुळे उठले होते. माझे बुडाले ते केवळ आठवणीतले घर. जमिनी गेल्या, रान गेले ते अशांचे. आणि माझे माहेर बुडाले म्हणून बडोद्यात सहानुभूती घेत होते ती मी.

हे लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. न लिहिता वही अधिक गोड झाली असती. पण दत्तूचा भित्रेपणा काकासाहेबांनी गाळला असता, तर त्यांचे कारवार मला खरे वाटले असते काय? म्हणून लिहिले; आणि मराठीत लिहून झाल्यावर माझ्या नातींसाठी गुजरातीतही उतरविले, कारण त्या आता त्याच भाषेत वाचतात.

वाचकांपैकी कोणाच्या कपाटात स्मरणयात्रा असेल तर त्यांनी ती एकदा खाली काढावी, आणि जमल्यास आपलीही एक वही करावी. माझ्या वहीत एक जागा कोरी आहे. त्या मुलीचे नाव मी कधी विचारलेच नव्हते.